डेल्फा कॉडिलची तबकडी

डेल्फा कॉडिलला एखाद्या गोष्टीचा राग आला की तो तीस-तीस वर्षं टिकायचा. माणूस मेला तरी तिचा त्याच्यावरचा राग ठणठणीत असायचा. पण तिचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात लाडका राग माणसावर नव्हताच, एका गाण्यावर होता.

ते गाणं म्हणजे ‘फाटकाला कडी घालू नकोस’. आमच्या पूर्व केंटकीच्या डोंगरात हे गाणं ठाऊक नसलेला माणूस बहिरा तरी असेल, नाहीतर परवा जन्मलेला. गंमत म्हणजे ते आमच्याकडचं नव्हेच. ‘समर कनूज’ नावाची चार पोरं होती, तिकडे पश्चिमेला समुद्रकाठची. एकसारखे पिवळे कोट आणि तोंडभर दात. वाळू, मोटारी आणि उन्हातल्या पोरी यांच्याबद्दल उड्या मारत गाणी म्हणायची. त्यांना १९७२ साली काय अवदसा आठवली देव जाणे, त्यांनी एक संथ, डोंगराकडचं, रडवं गाणं केलं. घर सोडून गेलेला मुलगा आईला निरोप धाडतो, की निघालोय, उशीर होईल, फाटकाला कडी घालू नकोस.

“या मेल्यांनी जन्मात फाटक पाहिलंय का?” डेल्फा विचारायची. “यांच्या दाराला बटणं असतात, बटणं!”

पण गाणं चाललं. पुढच्याच वर्षी रूबी टॅकेटनं ते घेतलं आणि असं गायलं, की ट्रकवाले गाडी बाजूला लावून रडायचे. मग आमच्या ब्रश क्रीकच्या चर्चमधल्या चौघांनी त्यातली आई काढून तिथे देव घातला आणि अंगणातलं फाटक काढून स्वर्गाचं बसवलं. त्या दिवसापासून आमच्याकडे या चौघांच्या गाण्याशिवाय एकही मयत मातीआड झालं नाही. त्या चौघांतला खालच्या पट्टीतला आवाज डेल्फाच्या नवऱ्याचा, आर्व्हिलचा. दिवसभर खाणीत कोळशाची धूळ खाऊन आलेला माणूस, पण गायला लागला की बाकं थरथरायची.

आणि चौथी तबकडी खुद्द डेल्फाची. ही मात्र कुणाला ठाऊक नव्हती.

ती चोवीस वर्षांची असताना चुलतभावाच्या गॅरेजमध्ये तिनं ती केली. बाजूला कोंबड्या होत्या. नीट ऐकलं तर दुसऱ्या कडव्यात एक कोंबडी ऐकू येते. तीनशे तबकड्या निघाल्या. त्या मोटारीत घालून ती चार जिल्ह्यांतली रेडिओ स्टेशनं फिरली. सगळीकडे एकच उत्तर मिळालं. “पोरी, आमच्याकडे त्या पोरांचं आहे, रूबीचं आहे. आता आणखी कशाला?” शेवटच्या स्टेशनात म्हणजे आमच्याच ब्रश क्रीकच्या स्टेशनात तिला तबकडीऐवजी नोकरी मिळाली. फोन घ्यायचे, फरशी पुसायची. फरशी पुसता पुसता ती माइकपाशी कधी पोचली ते तिचं तिलाही कळलं नाही. पस्तीस वर्षं ती आमच्या कानात बोलत राहिली: दुपारी बारा वाजता कोण वारलं ते, मग हवामान, मग कुणाची गाय हरवली ते.

स्वतःची तबकडी तिनं एकदाही लावली नाही. आपल्या लग्नात आपणच वाजंत्री वाजवायची का, असं तिचं म्हणणं. कुणीतरी मागेल, मग लावू. कुणी मागितलीच नाही. खोकं स्टेशनच्या मागच्या खोलीत, ख्रिसमसच्या दिव्यांखाली पडून राहिलं.

शनिवारी चार ते सहा तिचा ‘घरची हाक’ हा कार्यक्रम असायचा. वर डोंगरमाथ्यावर मोठा तुरुंग झाला तेव्हापासून. आत हजारभर माणसं, त्यातली निम्मी लांबलांबची, काही आपल्याच खोऱ्यातली. घरचे लोक फोन करायचे, निरोप आणि गाणं सांगायचे, ती ते हवेवर सोडायची. “मार्कससाठी, तुझ्या लेकीचा दात पडला.” “टायरीनसाठी, मामीनं तुझी जागा धरून ठेवलीय.” तुरुंगाच्या कोठड्यांत लहानसे रेडिओ असायचे, आत काही लपवता येऊ नये म्हणून पारदर्शक, आणि शनिवारी चारला सगळे आमच्याच स्टेशनावर लागायचे. ही डेल्फाची बढाई नव्हे, पहारेकरीच सांगायचे.

दर शनिवारी पावणेपाचला न चुकता एक फर्माईश ठरलेली. आर्मिंटा स्लोनकडून मुलाला, होबर्टला: ‘फाटकाला कडी घालू नकोस’, त्या पोरांचं. ब्रश क्रीकच्या वरच्या टोकाला राहणारी ही म्हातारी, सगळे तिला मिस मिंटी म्हणत. होबर्टच्या हातून दारूच्या भांडणात एक माणूस गेला होता. पंचवीस वर्षांची सजा, त्यातली अकरा झाली होती. त्या अकरा वर्षांत डेल्फानं किती वेळा तिला सुचवलं असेल.

“मिस मिंटी, या वेळी रूबीचं लावू का?”

“पोरांचंच लाव.”

“अहो, पण त्या साखरपाण्यात काय ठेवलंय?”

“तुला लावायचंय, प्यायचं नाहीये. पोरांचंच लाव, डेल्फा.” आणि फोन ठेवून द्यायची.

त्या फेब्रुवारीतला शनिवार नेमका आर्व्हिलला जाऊन तीन वर्षं झाली तो दिवस होता. कोळशानं फुप्फुसं खाल्ली होती त्याची. सकाळी डेल्फा थडग्यावर जाऊन आली, बर्फ झाडलं, एकटीनं कॉफी प्यायली. घरी त्याच्या आवाजाची एकही तबकडी नव्हती, जी होती ती स्टेशनात. पावणेपाच वाजले. हातात मिस मिंटीची फर्माईश टिपलेली चिठ्ठी, समोर त्या पिवळ्या कोटवाल्यांची तबकडी. तिला त्या क्षणी ते दात बघवेनात. तिनं मनाशी म्हटलं, गाणं तेच तर आहे. म्हातारी चर्चची आहे, देवाचं ऐकून खूशच होईल. आणि तिनं चौघांची तबकडी काढून सुई ठेवली. आर्व्हिलचा आवाज खोलीभर झाला. डेल्फा डोळे मिटून रडली आणि तिला फार बरं वाटलं.

दुसऱ्याच्या निरोपावर आपण आपलं रडून घेतलं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

कार्यक्रम संपला. सहाला शाळेची बास्केटबॉलची मॅच सुरू झाली. स्टेशनचा मॅनेजर ग्रेडी शाळेच्या हॉलमधून फोनच्या तारेवरून आरडाओरडा करत होता आणि डेल्फा स्टुडिओत एकटी, मक्याची भाकरी ताकात कुस्करून खात होती. सव्वासातला दार धाडकन उघडलं. मिस मिंटी. अंगात नाइटगाऊन, वर नवऱ्याचा जुना कोट, पायात रबरी बूट. मागे तिचा शेजारी कॉर्बेट, ज्याच्या ट्रकमधून निसरड्या रस्त्यावरून ती दीड तास रखडत आली होती.

“फोन उचलत नाहीस!” मिस मिंटीला धाप लागली होती. “निघायच्या आधी तासभर फिरवला, तुझा मेला फोन लागत नाही!”

“मिस मिंटी, बसा आधी. शनिवारी फोन...”

“काय केलंस तू? अगं, काय केलंस? तू माझ्या पोराला सांगितलंस मी मेले म्हणून!”

डेल्फाच्या हातातला चमचा तसाच राहिला.

मग म्हातारीनं सांगितलं. होबर्टचा बाप गेला तेव्हा तो तुरुंगात नवा होता. पाच दिवसांनी, बापाला पुरून झाल्यावर, कुणा अनोळखी माणसानं कागद वाचून दाखवावा तसं त्याला सांगितलं. तेव्हा काचेपलीकडून आई आणि मुलानं ठरवलं होतं. शनिवारी पोरांचं गाणं लागलं, की आई बरी आहे. रूबीचं लागलं, की आजारी आहे, पण काळजी नको. आणि चर्चच्या चौघांचं लागलं, की आई गेली. आमच्याकडे मेल्यावर तेच लावतात, म्हणून तेच ठेवलं. परक्याच्या तोंडून नको, गाण्यातून कळू दे.

“मग मला सांगायचं नाही का हो कधी?” डेल्फाचं तोंड पांढरं पडलं होतं.

“तुला? तुझं तोंड म्हणजे रेडिओच! सगळ्या खोऱ्याला कळलं असतं, आणि मग वर तुरुंगात. तुला एवढंच काम दिलं होतं, पोरांचं लाव. एवढंच!”

कॉर्बेट टोपी हातात धरून जमिनीकडे बघत होता. स्पीकरमधून ग्रेडी ओरडत होता, शेवटची तीन मिनिटं, दोन गुणांचा फरक. आता, आमच्याकडे प्रवचन मधेच थांबवलं तर देव माफ करतो. शाळेची मॅच थांबवली तर कुणीही माफ करत नाही. डेल्फानं हात लांब केला आणि ग्रेडीची तार बंद केली. तो बिचारा पुढे पंधरा मिनिटं कुणालाच ऐकू न जाणारी मॅच सांगत होता.

“बोला,” तिनं माइक म्हातारीपुढे ओढला. “बोला, मिस मिंटी. लाल दिवा लागलाय.”

मिस मिंटीनं आयुष्यात माइक पाहिला नव्हता. ती त्याच्या फार जवळ गेली.

“होबर्ट. मी आई. मेले नाही रे मी. या बाईनं चुकीची तबकडी लावली. मी इथे बसलेय, कॉर्बेटनं आणलं. ऐकतोयस ना? जेवलास का?”

डेल्फानं त्या पोरांची तबकडी लावली, संपली की पुन्हा लावली, पुन्हा लावली. फोन खणखणत होते. कोण जिंकलं, कुणी मॅच बंद केली, त्या बाईला आधी घरी पाठवा. डेल्फानं एकही फोन उचलला नाही.

पण फार उशीर झाला होता. पावणेपाचला गाणं लागलं आणि होबर्टनं रेडिओ भिंतीवर आपटून फोडला. आवाज ऐकून पहारेकरी आत आला, त्याच्या तोंडावर ठोसा बसला. पाच वाजायच्या आत होबर्ट एकांत कोठडीत होता, जिथे रेडिओ नसतो. कॉर्बेटनं तुरुंगात फोन केला, निरोप देऊ म्हणाले. निरोप पोचला अकराव्या दिवशी. अकरा दिवस त्या माणसानं जिवंत आईचं सुतक पाळलं.

आणि नुकसान एवढंच नव्हतं. एप्रिलमध्ये त्याला खालच्या, साध्या तुरुंगात हलवायचं ठरलं होतं. तिथे भेटायला आलं की काच नसते. समोरासमोर टेबलाशी बसता येतं, हात हातात घेता येतो. अकरा वर्षं नीट वागून त्यानं ते मिळवलं होतं. म्हातारीचं हृदय थकलं होतं, डॉक्टरनं जेमतेम वर्षभर सांगितलं होतं. तिचा सगळा जीव त्या एप्रिलवर होता. आता नव्वद दिवस एकांत कोठडी आणि हलवणं रद्द. पुन्हा विचार व्हायला दोन वर्षं.

हे कळल्यावर डेल्फा मिस मिंटीच्या घरी गेली. सोबत सुक्या सफरचंदांचा थरांचा केक. रिकाम्या हाती कसं जायचं?

“ठेव तिथे,” म्हातारी खुर्चीतून उठली नाही.

“मिस मिंटी, मी... त्या दिवशी आर्व्हिलचा दिवस होता. मला त्याचा आवाज ऐकावासा वाटला. दुसरं काही नाही हो.”

“तुला तुझा माणूस ऐकायचा होता,” म्हातारी म्हणाली. “मला माझ्या पोराला हात लावायचा होता. तुझं झालं. माझं राहिलं.”

डेल्फाला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. तिनं कुणाची माफी मागण्याचे प्रसंग आयुष्यात थोडे. मागितली तर लोक देतात, असा तिचा समज होता.

“मी तुला माफ केलेलं नाही,” मिस मिंटी म्हणाली. “उगाच आस धरू नकोस. पण मला एक काम करून हवंय, आणि ते तुझ्याशिवाय कुणाच्या हातात नाही. मी आता खरीखुरी मरेन तेव्हा काय लावणार? चौघांचं लावलंस तर होबर्ट म्हणेल, त्या बाईनं पुन्हा घोटाळा केला. विश्वास ठेवणार नाही. पोरांचं बरी असल्याचं, रूबीचं आजारपणाचं. हे गाणं आणखी कुणी गायलंय का?”

डेल्फा गप्प. तिचं गप्प बसणं इतकं नवलाचं होतं, की म्हातारीनं मान वर केली.

“काय गं?”

“एक आहे,” डेल्फा म्हणाली. “माझी.”

दुसऱ्या दिवशी ती लहान रेकॉर्ड प्लेअर आणि एक तबकडी घेऊन आली. पस्तीस वर्षांत दुसऱ्या माणसासमोर ती पहिल्यांदा वाजली. डेल्फा खिडकीपाशी पाठ करून उभी राहिली. गाणं संपेपर्यंत तिला घाम फुटला होता.

“नाकातून गातेस,” मिस मिंटी म्हणाली.

“हो.”

“आणि ती कोंबडी आहे?”

“हो.”

“वाईट आहे गं. खरंच वाईट आहे.” म्हातारीनं थोडा विचार केला. “ही कुणी चुकून लावणार नाही. हीच ठेव.”

मेअखेर नव्वद दिवस संपले, जूनमध्ये होबर्टला भेटता येऊ लागलं. डेल्फानं मिस मिंटीला आपल्या मोटारीतून वर नेलं. यादीत नाव नसल्यामुळे ती बाहेर गाडीतच थांबली, खिडक्या उघड्या टाकून, दोन तास. मग म्हातारी परत आली. काचेवर हात ठेवून आली होती, एका बाजूनं तिचा, दुसऱ्या बाजूनं होबर्टचा.

“सांगितलं,” ती गाडीत बसत म्हणाली. “म्हणाला, ‘मिस डेल्फा गाते?’ म्हटलं, गाते म्हणणं जरा जास्तच होईल.”

मग दर महिन्याला डेल्फाच नेऊ लागली. माफीचा विषय निघाला नाही. शनिवारी पावणेपाचला पोरांची तबकडी लागायची आणि डेल्फाच्या तोंडून त्या पिवळ्या कोटांबद्दल एक वाकडा शब्द निघायचा नाही. उलट सुई ठेवताना तिला हायसं वाटायचं.

ऑक्टोबरात, शुक्रवारी संध्याकाळी कॉर्बेटचा फोन आला. “मिस डेल्फा, ती गेली. भांडी घासता घासता.”

“तुरुंगात कळवलंस?”

“अजून नाही.”

“कळवू नकोस. उद्या पावणेपाचपर्यंत कुणालाच सांगू नकोस. मेलास तरी सांगू नकोस.”

आणि डेल्फानंही सांगितलं नाही. हे वाचायला सोपं वाटेल, पण डेल्फा कॉडिलला ओळखणाऱ्याला विचारा. शुक्रवारची रात्र, शनिवारची सकाळ. दुकानात तिघीजणींनी विचारलं, काय नवीन? काही नाही, म्हणाली. दुपारी बाराला तिनं गेलेल्यांची नावं वाचली, तीन होती, चौथं गिळलं. पस्तीस वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं.

चार वाजता ‘घरची हाक’ सुरू झाला. मुलांचे वाढदिवस, पास झालेल्या पोरी, एक नवीन कुत्रा. पावणेपाच झाले. तिनं माइक जवळ घेतला. काहीतरी चांगलं बोलावं असं फार वाटत होतं, शब्दही तयार होते. पण आपलं तोंड परक्याचं आहे, हे तिला आता पक्कं ठाऊक होतं.

“होबर्ट स्लोनसाठी,” ती म्हणाली. “आईकडून.”

आणि सुई ठेवली. चोवीस वर्षांची डेल्फा नाकातून गायला लागली, आई, मी निघालोय. दुसऱ्या कडव्यात कोंबडी बोलली. पस्तीस वर्षं तिनं वाट पाहिली होती, की कुणीतरी ही तबकडी मागेल. मागितली ती अशी. आवाज कमी करण्यासाठी तिचा हात तीनदा पुढे झाला आणि तीनदा तिनं तो मागे घेतला. फोन वाजू लागला; कुणीतरी विचारत असणार, हे काय लावलंय. तिनं पूर्ण तबकडी वाजू दिली, अगदी शेवटची खरखरही.

मग वाट पाहणं आलं. त्याला पटलं की नाही? पुन्हा रेडिओ फोडला का, पुन्हा कुणाला मारलं का? रविवार गेला, सोमवार गेला. आम्ही मिस मिंटीला पुरलं, आणि तिथे चौघांतल्या उरलेल्या दोघांनी गाणं म्हटलं.

गुरुवारी स्टेशनच्या पत्त्यावर पाकीट आलं. आत पेन्सिलीनं लिहिलेला अर्धा कागद. तो तिनं पुढे मरेपर्यंत पर्समध्ये ठेवला आणि मला कितीदा तरी वाचून दाखवला, म्हणून मला तो तोंडपाठ आहे.

‘मिस डेल्फा,

गाणं मिळालं. आमच्या ओळीत बावीस रेडिओ चालू होते. दुसऱ्या कडव्याला सगळे हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, ही कोण रेकतेय, बंद करा. मी म्हटलं, गप्प बसा रे, माझी आई गेली. मग कुणी बंद केलं नाही. बावीसच्या बावीस रेडिओ शेवटपर्यंत चालू होते.

होबर्ट स्लोन’